दुखणं गुडघ्यात, कमजोरी कुल्ल्यात: अंगमेहनत करणाऱ्यांमधला स्नायूंचा असमतोल कसा ओळखावा, कसा भरून काढावा

"डॉक्टरांनू, गुडघो दुकता, पण फोटोत काय दिसना नाय." मालवणच्या दवाखान्यात हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. सांगणारा बहुतेक वेळा धडधाकट असतो. कोणी रापण ओढणारा, कोणी पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेणारा, कोणी रोज सकाळी तारकर्लीच्या वाळूत पळणारा, तर कोणी माशांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बाई.

यातल्या बऱ्याच जणांना तपासताना गुडघ्याच्या वरची एक गोष्ट समोर येते, ती म्हणजे कुल्ल्याच्या स्नायूंची कमजोरी. बहुतेकदा ती एकाच बाजूला जास्त असते. "मी दिवसभर राबतो, मी कमजोर कसा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. या लेखात त्याचं उत्तर आहे. शिवाय घरी करता येतील अशा तपासण्या, बारा आठवड्यांचे व्यायाम आणि व्यायाम न करता आधी डॉक्टरांकडे कधी जावं, हेही सांगितलं आहे.

कुल्ल्याचे स्नायू करतात काय?

प्रत्येक बाजूला तीन मुख्य स्नायू असतात. सर्वांत मोठा ग्लुटियस मॅक्सिमस. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, वाकून वजन उचलणं आणि पळताना शरीर पुढे ढकलणं ही त्याची कामं. त्याच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूला असतात ग्लुटियस मिडियस आणि ग्लुटियस मिनिमस. हे दोघे दिसत नाहीत, पण आपल्याला सरळ उभं ठेवतात.

चालताना सुमारे ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. डावा पाय उचलला की शरीराचं सगळं वजन उजव्या खुब्यावर येतं आणि कंबर डावीकडे खाली पडायला बघते. उजव्या बाजूचा मिडियस तिला धरून ठेवतो. तो कमी पडला तर दोनपैकी एक गोष्ट होते. कंबर दुसऱ्या बाजूला झुकते, किंवा तोल सांभाळायला माणूस कमजोर बाजूला अंग टाकत चालतो. दोन्हींत ताण वेगळ्या ठिकाणी जातो. मांडी आतल्या बाजूला वळते, गुडघा आत पडतो, वाटीमागे दुखतं. किंवा पाठीचा खालचा भाग रोज थोडा थोडा ओढला जातो.

फ्रिडरिक ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये या झुकणाऱ्या कमरेचं वर्णन केलं. त्याच्या नावाची तपासणी आजही आम्ही रोज करतो. तिला यंत्र लागत नाही.

राबणाऱ्या माणसाचे स्नायू कमजोर कसे?

पहिलं कारण म्हणजे मेहनत आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीर नेहमी सोपी वाट शोधतं. कुल्ल्याऐवजी पाठीने वजन उचलता येतं, मांडीच्या पुढच्या स्नायूंनी जिना चढता येतो. वर्षानुवर्षं तसं केलं की पाठ आणि मांडी घट्ट होतात, कुल्ले मात्र मागे राहतात.

दुसरं कारण म्हणजे आपली बरीच कामं एकाच अंगावर होतात. आपल्या किनारपट्टीवरची काही उदाहरणं बघा:

- रापण ओढताना दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं मागे रेलत सरकतात. पण दोराच्या एकाच बाजूला उभं राहायची आणि तोच पाय रोवायची सवय लागते.
- भरतीच्या रेषेजवळ किनारा उतरता असतो. तिथे पळताना समुद्राकडचा पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. जाताना ओल्या वाळूतून आणि येताना रस्त्याने आलात, तर हा उतार एकाच पायाच्या वाट्याला येतो.
- हवेचा सिलिंडर, माशांचा क्रेट, पाण्याची कळशी हे सगळं एकाच खांद्यावर किंवा एकाच कमरेवर. कडेवरचं मूलसुद्धा बहुतेक आया एकाच बाजूला घेतात.
- तिठ्यावर, दुकानासमोर गप्पा मारताना आपण एका पायावर भार टाकून कंबर सैल सोडून उभे राहतो.

पोहणाऱ्यांनाही हे लागू आहे. चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांचा दम उत्तम असतो. पण पाण्यात शरीराचं वजन पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जमिनीवर एका पायावर वजन पेलण्याचा सराव पोहण्यातून मिळत नाही.

तिसरं कारण म्हणजे जुनी दुखापत. घोटा मुरगळला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की आपण महिनोन्‌महिने त्या पायावर कमी भार देतो. दुखणं जातं, पण सवय राहते आणि स्नायू बारीक झालेला असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "तुमचे ग्लुट्स बंद पडलेत, झोपलेत" असं व्हिडिओंमध्ये सांगतात. निरोगी माणसाचा स्नायू असा बंद पडत नाही. तो बंद असता तर तुम्ही उभेच राहू शकला नसता. तो फक्त कमी ताकदीचा असतो किंवा दुखण्यामुळे पूर्ण जोर लावत नाही. दोन्ही गोष्टी सुधारतात.

दोन्ही बाजू काटेकोर सारख्या कोणाच्याच नसतात, हेही लक्षात ठेवा. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक साधारणपणे चिंतेचा मानत नाहीत. काही दुखत नसेल आणि काम नीट होत असेल, तर आरशात एक बाजू जरा लहान दिसते एवढ्यासाठी उपचार लागत नाही.

कोणती लक्षणं दिसतात?

- जिना किंवा घाटी उतरताना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणं
- दिवसाच्या शेवटी कमरेच्या खालच्या भागात, एका बाजूला जास्त, जडपणा
- खुब्याच्या बाहेरच्या हाडावर दुखणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं
- एका पायावर उभं राहून पँट घालताना तोल जाणं
- लांब चालल्यावर "लचकत चालतोस" असं घरच्यांनी सांगणं
- पळणाऱ्यांना त्याच त्या पायाची दुखापत परत परत होणं

बायका कुल्ल्याचं दुखणं सांगायला संकोचतात. "कंबर दुखते" म्हणतात आणि कमरेचा एक्स-रे निघतो. नेमकं कुठे दुखतं ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्याने अर्धं निदान होतं.

घरी करायच्या तीन तपासण्या

दुखणं फार असेल तर या करू नका. पडू नये म्हणून भिंतीजवळ किंवा दाराच्या चौकटीजवळ उभे राहा. घरच्या कोणाला तरी मागून बघायला सांगा.

१. एका पायावर उभं राहणं. एक बोट भिंतीला टेकवा आणि डावा पाय मागे दुमडून उचला. मागून बघणाऱ्याने कमरपट्ट्याची रेषा बघावी. ३० सेकंदांत डावी बाजू खाली गेली, किंवा तुम्ही उजवीकडे कलंडलात, तर उजव्या बाजूचा स्नायू कमी पडतोय. मग पाय बदला. लक्षात ठेवा, तपासणी होते ती ज्या पायावर उभे आहात त्या बाजूची.

२. पायरी उतरणं. १५ ते २० सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच हळू जमिनीला लावून परत वर या. असं पाच वेळा करा. पायरीवरचा गुडघा अंगठ्याच्याही आत जातो का, शरीर थरथरतं का, ते बघा.

३. एका पायाचा ब्रिज. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, एक पाय सरळ करा आणि दुसऱ्या पायाच्या जोरावर कंबर उचला. दोन्ही बाजूंनी किती वेळा जमतं ते मोजा. एकीकडे १२ आणि दुसरीकडे ६, असा फरक असेल तर तो खरा आहे.

आकडे आणि तारीख कागदावर लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी याच कागदाची गरज पडेल.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी: मी केलेली एक चूक

काही वर्षांपूर्वी तिशीतला एक तरुण आला होता. व्यायामशाळेत जाणारा, तब्येतीने चांगला. उजवी बाजू दुखते म्हणाला. एका पायावर उभा केला, कंबर झुकली. मी स्नायूंची कमजोरी म्हणून व्यायाम दिले. सहा आठवड्यांनी तो परत आला तो जास्त लंगडत. तेव्हा मी खुब्याचा सांधा आत-बाहेर फिरवून बघितला, आणि तो आत वळतच नव्हता. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झाल्याचं दिसलं. या आजाराला एव्हीएन म्हणतात. आधी त्वचेच्या त्रासासाठी त्याने बराच काळ स्टिरॉईडच्या गोळ्या घेतल्या होत्या. मी ते विचारलंच नव्हतं. दुखणं जांघेत आहे हेही मी नीट ऐकलं नव्हतं. त्याच्या कुल्ल्याचा स्नायू कमजोर होता हे खरं, पण कमजोरी हा आजार नव्हता, आजाराचा परिणाम होता. ते सहा आठवडे माझ्या चुकीने वाया गेले.

तेव्हापासून मी आधी मूळ कारण बघतो, व्यायाम नंतर सांगतो. खालीलपैकी काही असेल तर तुम्हीही घरी व्यायाम सुरू न करता आधी तपासून घ्या:

- दुखणं जांघेत आहे, मांडी घालून बसता येत नाही किंवा पाय आत वळत नाही. स्टिरॉईड घेतले असतील किंवा नियमित दारू पीत असाल तर हे लवकर दाखवा.
- पाऊल उचलताना चप्पल घासते किंवा निसटते, पायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे. कमरेच्या मणक्यातून निघणारी पाचवी नस दाबली गेली तरी कुल्ल्याचा स्नायू कमजोर होतो.
- दोन्ही बाजू हळूहळू कमजोर होत आहेत, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉईड, काही औषधं आणि स्नायूंचे आजार यांची तपासणी लागते.
- ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं.
- पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही. वयस्कर माणसांत हे फ्रॅक्चर असू शकतं.
- लहान मूल किंवा किशोरवयीन मुलगा लंगडतोय. मुलांमध्ये याला कधीही "लचक भरली" म्हणून सोडू नका.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. थांबलात तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

बारा आठवड्यांचे व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. सुरुवात नेहमी कमजोर बाजूने करा आणि चांगल्या बाजूने तेवढेच करा, जास्त नाही. चांगली बाजू पूर्ण सोडून देऊ नका.

पहिले तीन आठवडे:

- ब्रिज. पाठीवर झोपून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून कंबर उचला. ५ सेकंद धरा. १० वेळा, तीन फेऱ्या. मांडीच्या मागे वांब येत असेल तर टाचा जवळ घ्या.
- कुशीवर झोपून पाय उचलणं. वरचा पाय सरळ, शरीराच्या किंचित मागे, बोटं समोर. साधारण एक वीत उचला. १० वेळा, तीन फेऱ्या. शरीर मागे कलंडलं तर व्यायाम चुकला.
- खुर्चीतून हात न लावता हळू उठणं-बसणं. १० वेळा, तीन फेऱ्या.

चौथा ते सहावा आठवडा:

- एका पायाचा ब्रिज, ८ वेळा, तीन फेऱ्या.
- ओट्याच्या पायरीवर चढणं-उतरणं, प्रत्येक पायाने १० वेळा, तीन फेऱ्या. गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत ठेवा.
- किंचित वाकलेल्या गुडघ्यांनी बाजूला चालणं. दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे.

सातवा ते बारावा आठवडा:

- एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक. प्रत्येक बाजूला ८ वेळा, तीन फेऱ्या.
- खुब्यातून वाकून वजन उचलणं. पाठ सरळ, कुल्ले मागे, वजन शरीराजवळ. तांदळाच्या ५ किलोच्या पिशवीने सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा.
- पायरीचा व्यायाम हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन.

प्रत्येक फेरीच्या शेवटी "अजून दोन जमले असते" इतपत दमायला हवं. सहज वीस होत असतील तर वजन वाढवा. कित्येक जण सहा महिने तोच सोपा व्यायाम करत राहतात आणि फरक पडत नाही म्हणतात.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही, तर पुढच्या वेळी फेऱ्या निम्म्या करा.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत जो फरक जाणवतो तो मुख्यतः मेंदू आणि नसांनी स्नायू जास्त चांगला वापरल्याचा. स्नायू प्रत्यक्ष भरायला आठ ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडू नका.

खुब्याच्या बाहेरच्या हाडावर दुखत असेल तर

हा त्रास चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये जास्त दिसतो. इथे बहुतेकदा कुल्ल्याच्या स्नायूंची शीर दुखावलेली असते. पायावर पाय टाकून बसू नका, एका पायावर भार टाकून उभ्या राहू नका, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. या भागाला जोरात ताण देणारे स्ट्रेचिंग टाळा, त्याने दुखणं वाढतं.

"एक सुई द्या आणि संपवा" अशी मागणी इथे नेहमी होते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २०४ रुग्णांचे तीन गट केले होते. आठ आठवड्यांनी, माहिती आणि व्यायाम दिलेल्या गटात सुमारे ७७ टक्के लोकांना चांगला फरक पडला, स्टिरॉईडच्या इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के, आणि नुसतं थांबून राहिलेल्यांत २९ टक्के. इंजेक्शनला जागा आहे, पण पहिली जागा व्यायामाची.

गोळ्यांबद्दल आणि आहाराबद्दल

वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, ताकद वाढत नाही. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होतो. उन्हात, घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाला धोका जास्त. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

स्नायूंना प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम, व्यायाम करणाऱ्याला त्याहून थोडी जास्त. आपल्याकडे बांगडा, तारली आहे. १०० ग्रॅम मासळीतून साधारण १८ ते २० ग्रॅम मिळतात. मासे न खाणाऱ्यांनी डाळी, उसळी, दूध, दही, अंडी वाढवावीत. महागड्या पावडरची सहसा गरज नसते.

कामधंदा सांभाळून हे कसं जमवायचं?

"इतका वेळ कुठे आहे?" हा प्रश्न रास्त आहे. हंगामात पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला व्यायाम सांगणं सोपं, करणं कठीण. म्हणून मी मच्छीमारांना पावसाळ्यात सुरुवात करायला सांगतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, खवळलेल्या समुद्रामुळे रापणही थांबलेली असते. हे जवळजवळ नऊ आठवडे हाताशी असतात.

शेचाळीस वर्षांच्या एका रापणकराने असंच केलं. आठ महिने उजवा गुडघा दुखत होता, रोज एक गोळी चालू होती. मे महिन्यात तो उजव्या पायावर दहा सेकंदही सरळ उभा राहू शकत नव्हता. नारळी पौर्णिमेपर्यंत तीस सेकंद उभा राहू लागला आणि गोळी सुटली. लांबचा दोर ओढला की गुडघा अजून कुरकुरतो, हेही तो सांगतो. पण यंदा त्याने एकही खेप चुकवली नाही. आणि आता तो दर खेपेला दोराची बाजू बदलून उभा राहतो.

हंगामातही छोटे बदल करता येतात. वजन आलटून पालटून दोन्ही खांद्यांवर घ्या. किनाऱ्यावर ज्या वाटेने पळत गेलात त्याच वाटेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा मिळेल. दात घासताना एक-एक मिनिट प्रत्येक पायावर उभे राहा.

फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा कुडाळ-कणकवलीला जाणं सगळ्यांना परवडत नाही. सुरुवातीला एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी दाखवा, तरी पुरेसं होतं. सहा आठवड्यांनी त्या तीन तपासण्या परत करा आणि आकडे जुन्या कागदाशी ताडून बघा. आकडा हलला असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. नियमित करूनही हलला नसेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे या. त्यांना कुठे शोधायचं हे त्यावरून कळेल.